लाल पट्ट्याची बॅग

[दृश्य: जालना. मृगाचा पहिला आठवडा. कृषी सेवा केंद्राबाहेर रांग. कुणाच्या डोक्यावर उपरणं, कुणाच्या हातात आधार कार्डाची झेरॉक्स.]

"सरकीच्या दोन बॅगा द्या वो. लाल पट्ट्याची."

काउंटरवरच्या पोराने वाणाचं नाव विचारलं नाही. खोक्यात हात घातला, दोन बॅगा काढल्या, पावती फाडली. पुढचा गडी तेच बोलला. त्याच्या पुढच्याने तर नुसतं बोट दाखवलं.

ज्याने हा लाल पट्टा ओढला, तो याच रांगेत मागे उभा आहे. त्याला काही घ्यायचं नाही. दर जूनला दोन-तीन दिवस तो असा येऊन उभा राहतो. गिऱ्हाईक काय बोलतं, बॅग कशी धरतं, आधी काय वाचतं, एवढंच बघतो.

त्याला बैल काढता येत नाही. हे तो स्वतःच सांगतो. "चार पाय काढले की एक पाय जास्तीचा वाटतो," म्हणतो.

[दृश्य: गावाकडचं घर. ओसरी. भिंतीला टेकवलेले कॅनव्हास.]

त्याचा चुलत भाऊ मोठा. घरात आणि गावात चित्रकार म्हणून ओळखला जातो तो हा. चित्रकलेच्या सरकारी परीक्षांत एलिमेंटरीला ए, इंटरमिजिएटला ए. पुढे संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयात रेखा व रंगकला शिकला. धाकट्याला एलिमेंटरीत सी मिळाली, तीही कशीबशी. त्याच्या वस्तुचित्रातली घागर कलली होती, स्मरणचित्रातल्या पोळ्याच्या मिरवणुकीत बैलांऐवजी त्याने नुसत्या झुली काढल्या होत्या. पण अक्षरलेखनाचा कागद त्याच्या सरांनी वर्गात फिरवला. अक्षरं सुंदर होती असं नाही. दोन अक्षरांमधली मोकळी जागा सगळीकडे डोळ्यांना सारखी वाटत होती. त्यासाठी त्याने पट्टी वापरली नव्हती. पट्टीने सारखं मोजलं तर 'र' आणि 'ग' यांच्यामध्ये भोक पडल्यासारखं दिसतं, हे त्याला सातवीत कुणी न सांगता कळलं होतं.

आपल्याकडे पोराचा हात बरा वळला की लोक म्हणतात, याला डिझायनिंगला टाका, चित्रकलेत पोट भरत नाही. म्हणजे हुनर एकच, एका दुकानात विकला तर पैसे, दुसऱ्यात नाही. मीही बरीच वर्षं हेच समजत होतो. या दोघांमुळे ते समजणं मोडलं.

डिग्री झाल्यावर मोठा, म्हणजे दादा, तीन महिने तालुक्याच्या एका फ्लेक्सच्या दुकानात बसला. वाढदिवसाचा फ्लेक्स आला. दहा बाय पंधरा. मधोमध भावी सरपंच, खाली बावीस शुभेच्छुक. दादाने रात्र जागून काम केलं. एकच चेहरा, अर्धा उजेडात, अर्धा सावलीत, मागे मातकट रंग. बावीस जणांची नावं बारीक अक्षरात एका ओळीत. मी त्याची फाईल पाहिली आहे. अजूनही बघावंसं वाटतं असं काम.

गिऱ्हाईक आलं, म्हणालं, "छान आहे. पण आमचे फोटो कुठंयत?"

धाकटा तेव्हा बारावी होऊन त्याच दुकानात चहा आणायला नि कोरल ड्रॉ शिकायला होता. त्याने एकच विचारलं, "वर्गणी कुणी कुणी दिली, आणि यात मोठं कोण?" अर्ध्या तासात बावीस मुंडकी रांगेत लागली. मोठं कोण ते जरा मोठं, आणि ज्याचं भावी सरपंचाशी पटत नव्हतं ते शेवटून दुसरं.

तो फ्लेक्स चांगला होता असं मी म्हणणार नाही. असल्या फ्लेक्सनी आपल्या चौकाचौकांची काय दशा केली आहे ते तुम्ही रोज बघता. पण ही वस्तू कुणासाठी आहे, हे धाकट्याने ओळखलं होतं. ती भावी सरपंचासाठी नव्हतीच. ती त्या बावीस जणांसाठी होती.

[दृश्य: विहीर. भर दुपार. कॅमेरा काठावरून खाली.]

आता दादाची विहीर.

घरामागे जुनी, दगडी बांधणीची विहीर आहे. दादा अकरा वर्षं तीच काढतोय. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विकत घेतलेली नाही. पहिली तीन-चार चित्रं बघून आपण 'वा' म्हणतो, कारण दगड अगदी दगडासारखे दिसतात. नंतरच्या चित्रांपुढे 'वा' म्हणवत नाही. एकात विहीरच नाही, काठावरच्या दगडात दोराने पाडलेला वळ तेवढा आहे, चार फुटांचा.

2016 चं चित्र मी सगळ्यात जास्त वेळ बघितलं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं. चित्रात काळा रंग नाही. आधीच्या प्रत्येक चित्रात विहिरीचा तळ काळा आहे, आपण सगळेच तो काळा काढतो. दादा म्हणाला, "काळं पाणी असतं. पाणी नसलं की भर दुपारी तळ भिंतीइतकाच उजळ पडतो. मी तीन दिवस काळा लावत होतो आणि ते खोटं दिसत होतं."

तीन दिवस. गिऱ्हाईक नाही, तारीख नाही, काम पुरं झालं म्हणणारंही दुसरं कुणी नाही. आपणच लावलेला रंग खोटा आहे हे ओळखायला अंगात जे लागतं ते दादाकडे आहे. धाकट्याकडे ते नाही, आणि त्याला त्याचं वाईटही वाटत नाही.

[दृश्य: अजिंठा. लेणे क्रमांक 1. आधी भिंत, मग कॅमेरा हळूहळू वर.]

या दोघांना घेऊन आम्ही अजिंठ्याला गेलो. तिथे सगळे पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर थांबतात. थांबायलाच हवं. दादा थांबला. झुकलेली मान, खाली वळलेली नजर, हातातलं निळं कमळ. पाचव्या शतकात, वाकाटकांच्या काळात, खडकावर माती आणि भुशाचा लेप देऊन, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवून, तो वाळल्यावर हे रंगवलं गेलं.

धाकटा कुठे दिसेना. तो मंडपाच्या मधोमध मान वर करून उभा होता. छताकडे कोण बघतं? छताचे चौकोन पाडलेत, चौकोनांत फुलं, फळं, पक्षी, हत्ती. तो म्हणाला, "दादा, हे बघ. कुठूनही उभं राहून बघितलं तरी चालतंय. भिंतीसमोर माणूस थांबणार, इथे चालत राहणार. ज्याने केलं त्याला ते माहीत होतं."

दोन नंबरच्या लेण्यात छतावर हंसांची रांग आहे. एकाची मान दुसऱ्यासारखी नाही. तिथे मात्र दोघेही गप्प झाले, आणि माझं हे नीट दोन भागांत मांडलेलं निवेदन थोडं डळमळलं. डळमळू दे.

याच लेण्यांच्या नकला करायला 1872 पासून मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचे विद्यार्थी त्यांचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्यासोबत येत होते. त्याच जे.जे.मध्ये 1935 साली कमर्शियल आर्टचा विभाग निघाला. आता त्याला उपयोजित कला म्हणतात. 'कमर्शियल' म्हणताना नाक मुरडायची सवय मात्र गेलेली नाही, ना इकडच्यांची ना तिकडच्यांची.

विंडोजच्या संगणकावर मराठी लिहिताना बरीच वर्षं समोर यायचा तो मंगल हा टंक, म्हणजे फॉन्ट, घ्या. तो सुलेखनकार र. कृ. जोशींनी घडवला. आपण त्या अक्षरांत अर्ज वाचतो, नोटिसा वाचतो, आणि अक्षराकडे कधी बघत नाही. बघायला लागलं असतं तर टंक फसला असता. चित्राचं उलटं. ज्या चित्राकडे न बघता पुढे जाता येतं, त्याचं काय करायचं?

[दृश्य: पुन्हा जालना. टेबलावर बियाण्याची रिकामी बॅग, दोन्ही बाजूंनी.]

तर, लाल पट्टा. जालना हे बियाण्यांचं गाव, आणि बॅगांचं काम इथे निघतच असतं. बीटी कपाशीची बॅग 475 ग्रॅमची. तिच्यावर काय छापायचं यातलं निम्मं कायद्याने ठरलेलं. वाण, लॉट नंबर, उगवणक्षमता, शुद्धता, चाचणीची तारीख, मुदत, वजन. बियाण्याला औषध लावलेलं असतं, म्हणून खाऊ नका, जनावरांना घालू नका हा इशारा. लॉट नंबर आणि तारीख नंतर छापली जाते, म्हणून तिथे पांढरी जागा सोडायची. ती विसरली तर लाखभर बॅगा वाया.

छपाई सिलिंडरवर होते. जितके रंग तितके सिलिंडर, आणि प्रत्येक सिलिंडरचे पैसे वेगळे. दादाला सांगा की आज फक्त पाच रंग वापरायचे, तो हसेल. धाकट्याचं काम तिथूनच सुरू होतं.

पहिल्यांदा समोरच्या बाजूसाठी त्याने दादाकडूनच बोंड काढून घेतलं होतं. फार सुरेख बोंड. पण दादाने शेतात बसून काढलेलं, त्यामुळे एका पाकळीला कवडी, म्हणजे किडीचा डाग, लागलेली, आणि कापसात वाळलेल्या पानाचा तुकडा अडकलेला. कंपनीच्या साहेबांनी हात जोडले. दादा म्हणाला, "कापसाला पत्ती लागतेच." धाकटा म्हणाला, "लागते दादा. पण जूनमधे लागत नाही." जूनमधे शेतकरी जे विकत घेतो, त्यात कवडी नसते. कवडी नोव्हेंबरची.

मग तो दुकानात जाऊन उभा राहिला. तेव्हा त्याला कळलं की बॅगेची समोरची बाजू कुणाला दिसतच नाही. बॅगा खोक्यात उभ्या भरलेल्या असतात, दिसते ती वरची दोन बोटं कड. सगळ्या कंपन्या बोंडावर जीव टाकत होत्या आणि बोंड खोक्यात. त्याने वरच्या कडेला चहूबाजूंनी दोन बोटांचा पट्टा ओढला. लाल का? इशाऱ्यासाठी लाल सिलिंडर होताच. नवा खर्च शून्य.

मी विचारलं, एवढंच? म्हणाला, "एवढंच. चौदा दिवस लागले."

[दृश्य: दिवाळीनंतरचं शेत. बांधावर काठी, काठीवर अडकवलेली रिकामी बॅग.]

कुठल्या तासात कोणता वाण लावला ते ध्यानात राहावं म्हणून आपल्याकडे रिकामी बॅग काठीला अडकवून बांधावर रोवतात. पाच महिन्यांच्या उन्हात लाल पट्टा गुलाबी पडतो, मग मळकट.

दादाचं नवं चित्र त्या काठीचं आहे. मागे वेचणी झालेली पऱ्हाटी, पुढे बॅग, वाऱ्याने फुगलेली. पट्ट्याचा तो उडालेला रंग त्याने कसा मिळवला ते मी विचारलं, त्याने सांगितलं नाही.

धाकटा बराच वेळ चित्रासमोर उभा होता. मग जवळ गेला, वाकला.

"दादा, लॉट नंबर उलटा काढलास."

"बॅगच उलटी लटकलेली होती."

धाकट्याने मान तिरकी केली आणि आकडे वाचायला लागला.