बाळाला घेऊन दवाखान्यात आत्ता निघू, की सकाळपर्यंत थांबू?

(दृश्य: अंगावरचं झबलं काढलेलं तान्हं बाळ. पोट वरखाली होतंय. कोपऱ्यात सेकंदकाटा.)

एक मिनिट या बाळाच्या पोटाकडे बघत राहा. पोट वर आलं, खाली गेलं, की एक श्वास. मध्येच ते पाच-सात सेकंद थांबेल, मग चार-सहा श्वास भरभर घेईल. तान्ह्या बाळाचा श्वास असाच असतो. म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, पूर्ण मिनिट मोजायचं. बाळ रडत असताना किंवा अंगावर पीत असताना मोजलेलं धरायचं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले, तर थोडं थांबून पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदाही तेवढेच भरले, तर दवाखाना आज रात्रीच गाठायचा. दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या बाळासाठी हाच आकडा ५०.

पहिलटकरीण घरी येते तेव्हा तिला डिंकाचे लाडू कधी खायचे, शेक कसा घ्यायचा, टाळू कशी भरायची, सगळं सांगायला माणसं असतात. रात्री बाळाकडे काय बघायचं आणि कुणाला विचारायचं, हे मात्र बहुतेक घरांत सांगायचं राहून जातं. आणि दवाखाना तर नऊला बंद होतो.

(दृश्य: पुणे. सोसायटीतला एकच उजेड असलेला फ्लॅट.)

रात्रीचे दोन. बाळ एकोणीस दिवसांचं. संध्याकाळी सातपासून रडतंय. बाबा मोबाईलवर शोधतोय आणि जे वाचतोय त्याने जास्तच घाबरतोय. साताऱ्याहून आजी फोनवर आहे: "पोटात वारा धरला असेल गं, गुटी उगाळून दे जरा." शेजारच्या काकूंनी ग्राइप वॉटरची बाटली आणून ठेवली आहे. कपाटात मोठ्या भावाच्या मुलासाठी आणलेले सर्दीचे थेंब आहेत. सल्ला देणारे चार, बाळाला बघितलेलं त्यांतलं कुणीच नाही. शेवटी बाबा बालरोगतज्ज्ञांना फोन लावतो.

फोनवरचं बोलणं नीट ऐका.

"किती दिवसांचं बाळ?"

"एकोणीस, मॅडम."

"पितंय का?"

"पितं, मग सोडतं, मग रडतं."

"फोन आईकडे द्या. हं, ओढतच नाही, की जोरात ओढून मग सोडतंय?"

"ओढतंय जोरात. मग पाय आखडतं आणि किंचाळतं."

"दुपारपासून लंगोट किती ओले झाले?"

"चार... नाही, पाच."

"उलटी?"

"दूध काढलं मघाशी. दह्यासारखं."

"हिरवं नव्हतं ना?"

"नाही, पांढरं."

"ताप?"

"हाताला गरम लागतंय."

"हाताला नको. थर्मामीटर काखेत लावा, मी लाइनवर आहे."

थर्मामीटर ९८.६ दाखवतो. मग मॅडम विचारतात, कपडे किती घातलेत? एप्रिल महिना, अंगात स्वेटर, डोक्याला टोपडं, वर दोन दुपटी. स्वेटर निघतो.

"उचललं की शांत होतं?"

"होतं. खाली ठेवलं की पुन्हा सुरू."

"मग आज निघायचं नाही. खांद्यावर घेऊन फिरवा, ढेकर काढा, मागेल तेव्हा प्यायला द्या. सकाळी दहाला दाखवायला आणा. पण पिणं सोडलं, मलूल पडलं, श्वास भरभर चालू झाला, हिरवी उलटी झाली, काखेत ताप ९९.५च्या वर गेला, तर मला फोन करत बसू नका. सरळ दवाखान्यात निघा."

या सगळ्या बोलण्यात औषधाचं नाव एकदाही आलं नाही. फोन ठेवल्यावर बाबांना थोडं चुकल्यासारखं वाटलं, कारण त्याने औषध विचारायलाच फोन केला होता. पण रात्री त्या घराला हवं होतं ते एका प्रश्नाचं उत्तर: आत्ता निघायचं, की सकाळपर्यंत थांबायचं? तेवढं सांगण्यासाठी लागणारी प्रत्येक गोष्ट आईजवळ होती. लंगोट तिने मोजले होते, ओढ तिला जाणवत होती, उलटीचा रंग तिने बघितला होता. फक्त ते विचारणारं कुणी नव्हतं.

असं संध्याकाळचं रडणं साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात वाढतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. बाळ नीट पीत असेल, वजन धरत असेल, तर हे रडणं आजार नव्हे. पण रात्रीमागून रात्र ते ऐकणाऱ्या आईबापांचं काय होतं, हे बोलायला हवं. हात थरथरायला लागतात, राग येतो. तसं झालं तर बाळाला सपाट जागी पाठीवर झोपवा आणि पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. बाळाला गदागदा हलवू नका, कधीच नाही. त्या हलवण्याने मेंदूत रक्तस्राव होतो. रडण्याने होत नाही.

(दृश्य: ओट्यावर ओळीने मांडलेल्या बाटल्या.)

आता या बाटल्या. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूधच, वरचं पाणीसुद्धा नाही. मग गुटी आणि ग्राइप वॉटर कुठे बसणार? आजीवर रागावण्यात अर्थ नाही. तिने मुलं वाढवली आहेत, रडण्यातला फरक तिच्या कानाला कळतो, आणि तो कान या घराला हवा आहे. सहाण मात्र राहू द्या.

सर्दीचे थेंब जास्त गंभीर आहेत. सर्दीच्या औषधांत असणारं क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना सांगितलं. आणि २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या रुग्णालयांत आली, ती खोकल्याचं सिरप प्यायलेली होती. त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. साध्या खोकल्याला त्या सिरपची गरजच नव्हती.

पॅरासिटामॉलचंही एक सांगून ठेवतो. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या १२५च्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५, म्हणजे एका मिलिलिटरला २५. चौपट फरक! झोपेत बाटली बदलली तर डोस चौपट होतो. म्हणून फोनवर डोस विचारताना बाटली हातात घ्या, त्यावरचं वाचून दाखवा आणि बाळाचं वजन सांगा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर औषध पाजून वाट बघायची नाही. त्याच रात्री डॉक्टरांना दाखवायचं.

(दृश्य: गडचिरोली. जंगलातला रस्ता, मग एका हातात मण्यांचं छोटं यंत्र.)

हे प्रश्न कसे विचारायचे, याचं एक मोठं काम महाराष्ट्रातच झालं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केलं. त्याआधी, मोठे आकडे मोजता न येणाऱ्या दाईलाही न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून बंगांनी हे श्वासमापक बनवलं होतं. एक मिनिटाची वाळूची घडी, शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल, म्हणजे सहावा, मणी सरकला, तर न्यूमोनिया समजायचा. ६० हा आकडा माहीत असायचीही गरज नाही.

३९ गावांत आरोग्यदूत घरोघरी जाऊन नवजात बाळं तपासू लागल्या, जंतुसंसर्ग ओळखून घरातच प्रतिजैविकाचं इंजेक्शन देऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू, ज्या गावांत ही सोय नव्हती त्यांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला.

त्यांची लक्षणांची यादी वाचली तेव्हा मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे: रडणं क्षीण झालंय का, ओढणं कमी झालंय का, हातपाय ढिले पडलेत का. म्हणजे बाळाची तुलना त्याच बाळाशी, कालच्या बाळाशी. ही तुलना रात्री दोन वाजता कुठलाही तज्ज्ञ स्वतःहून करू शकत नाही, कारण त्याने कालचं बाळ पाहिलेलंच नसतं. आईने पाहिलेलं असतं.

याच कामाच्या धर्तीवर २०११पासून देशभर आशाताई बाळाच्या घरी येतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ.

(दृश्य: नाशिक जिल्हा, पेठ तालुक्यातला पाडा. कंदिलाइतकाच उजेड.)

नऊ दिवसांचं बाळ. आई माहेरी आलेली. या घरात रडण्याचा आवाजच नाही. आजी कौतुकाने सांगते, "लेकरू लई गरीब, संध्याकाळपासून उठलंच नाही." आईला मात्र काहीतरी खटकतंय. अंगावर घेतलं तर तोंड उघडत नाही. ती भावाला उठवते, भाऊ आशाताईंना बोलावून आणतो.

ताई येतात, काहीही बोलायच्या आधी हाताची मागची बाजू बाळाच्या तळपायाला लावतात. पाय गार. पोटाला लावतात. पोटही गार. तळव्यावर टिचकी मारतात. रडतं, पण मांजराच्या पिल्लासारखं, आणि पुन्हा झोपतं. बेंबीभोवती लाली. सातव्या दिवशी त्यांनीच वजन केलं होतं, तेव्हा हेच बाळ काटा हलवून सोडत होतं.

"गाडी बोलवा," ताई म्हणतात, "सकाळची वाट नाही बघायची."

रडणारं बाळ घरी राहिलं, आणि न रडणारं बाळ रात्रीच निघालं. पहिल्या महिन्यातला जंतुसंसर्ग असाच गुपचूप येतो. ताप येईलच असं नाही, उलट अंग गार पडतं. रडणं आपल्याला उठवतं, म्हणून आपण रडण्याला घाबरतो. पिणं सोडून निजून राहिलेल्या बाळाला कुणी उठवत नाही, आणि त्यात तास निघून जातात.

१०२ ही गाडी गरोदर बाया आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळांसाठी मोफत आहे, सरकारी रुग्णालयातले उपचारही मोफत आहेत. जीव धोक्यात असेल तर १०८. महाराष्ट्रात ती २०१४पासून धावते, आणि गाडीत डॉक्टर असतो. नुसतं विचारायचं असेल तर १०४. गाडी येईपर्यंत आणि घाट ओलांडून नाशिकला पोहोचेपर्यंत बाळ आईच्या उघड्या छातीला चिकटवून ठेवायचं, वरून दोघांना एकच पांघरूण. गार पडलेल्या बाळाला एवढी चांगली ऊब शेगडी देत नाही, आणि शेगडीने भाजतं ते वेगळंच.

पण जिथे आशाताई लांब आहेत, जिथे फोनला रेंज नाही, तिथे? मेळघाटात रात्री दार वाजवलं तर भुमका, म्हणजे गावचा पारंपरिक वैदू, उठतो. त्याने पोट फुगलेल्या बाळाला डागण्या दिल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि अंधश्रद्धा म्हणून सोडून देतो. चटके देणं क्रूर आहे, ते थांबलंच पाहिजे. पण माणूस रात्री त्याच दाराशी जातो जे उघडतं. डागण्या थांबवायच्या तर दुसरं दार रात्री उघडं ठेवावं लागेल.

शहरातलं दार तरी कुठे नेहमी उघडं असतं? डॉक्टरांच्या बाजूनेही बघू. २०१८ साली रत्नागिरीतल्या एका बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात, फोनवरून औषधं सांगितल्याच्या मुद्द्यावर, मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टर दाम्पत्याला अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर फोनवर बोलायला बरेच डॉक्टर कचरू लागले. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवैद्यकाची (टेलिमेडिसिनची) मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि फोनवरच्या सल्ल्याला चौकट मिळाली. फोनवर भागणार नाही असं वाटलं तर डॉक्टरने प्रत्यक्ष दाखवायला सांगावं, हे त्यात स्पष्ट आहे. म्हणून मॅडम "घेऊन या" म्हणाल्या तर त्या टाळताहेत असं समजू नका.

आणि फोन करण्याआधी एवढं जवळ ठेवा: बाळाचं वय दिवसांत, शेवटचं वजन, काखेतला ताप, मिनिटाचे श्वास, ओले लंगोट. श्वासाबद्दल शंका असेल तर झबलं वर करून, दिवा लावून, छाती आणि पोटाचा मिनिटभर व्हिडिओ काढा. बरगड्यांखाली छाती आत ओढली जाताना त्यात दिसते. कावीळ फोटोवरून ठरवू नका. तळहात-तळपाय पिवळे दिसले की दाखवायलाच न्या.

(दृश्य: डिस्चार्ज कार्ड, जवळून.)

बाळंतपणानंतर घरी सोडताना हे कार्ड हातात मिळतं. लसीची तारीख, टाके दाखवायची तारीख, लोहाच्या गोळ्या, सगळं लिहिलेलं असतं. याच कार्डाच्या मागे धोक्याची लक्षणं मराठीत, ठसठशीत अक्षरांत छापायला फारसा खर्च येत नाही. त्याखाली दोन ओळी मोकळ्या हव्यात: रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, आणि जवळचं कुठलं रुग्णालय रात्री तान्ही बाळं घेतं. या दोन ओळी भरल्याशिवाय सिस्टरांनी कार्ड देऊ नये, आणि आईबापांनी घेऊ नये.