दुखत नाही म्हणून

सुरुवातीला चार आकडे सांगते. श्रीमंत देशांत दर १२ स्त्रियांपैकी एकीला आयुष्यात कधी ना कधी स्तनाचा कर्करोग होतो आणि ७१ पैकी एक त्याने दगावते. मानवी विकासाच्या यादीत तळाशी असलेल्या देशांत तो २७ पैकी एकीलाच होतो, पण दगावते ४८ पैकी एक. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेचे आहेत. म्हणजे आजार निम्म्याहून कमी आणि मरण जवळपास दीडपट. हा हिशेब नेमका कुठे उलटतो, ते आज बघू.

आजार कमी का, ते सोपं आहे. तिथे बायका लवकर आई होतात, मुलं जास्त होतात आणि बाळाला अंगावर पाजणं दीर्घकाळ चालतं. ३० देशांतल्या अभ्यासांची माहिती २००२ साली एकत्र मांडली गेली, तेव्हा दर १२ महिन्यांच्या स्तनपानामागे धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. आता पहिलं मूल उशिरा होतं, एकदोनवर थांबतात, पाळी गेल्यावर वजन वाढतं. हे संरक्षण पातळ होत चाललंय. ‘म्हणजे मुलींच्या शिक्षणानेच घात केला,’ असं म्हणणारे हमखास भेटतात. शिकलेली बाई गाठ घेऊन लवकर येते, हे त्यांना सोयीने आठवत नाही. आणि ‘आमच्या घराण्यात कुणाला नाही’ यात फारसा दिलासा नाही. शंभरातल्या नव्वदहून अधिक रुग्णांत हा आजार वारशाने आलेला नसतोच.

आता मरणाकडे वळू. बाई दुखणं अंगावर काढते, असं आपण म्हणतो. पण इथे दुखतच नाही! सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही. आंघोळ करताना हाताला लागते, ताप नाही, काम अडत नाही. आजार म्हणजे दुखणं, हेच आपल्या भाषेनेही शिकवलंय. मग ‘दुखायला लागली की दाखवू’. तोवर कातडी आत ओढली जाते, बोंड आत वळतं, काखेत गाठी येतात, कधी जखम होऊन वाहू लागते.

पण सगळा दोष बाईच्या माथी मारणं मला पटत नाही. धीर करून ती जाते, तेव्हा पहिला डॉक्टर ‘दुधाची गाठ असेल’ म्हणून गोळ्या देतो. महिना जातो. तिथून मोठ्या दवाखान्यात, तिथून सोनोग्राफीला, मग सुईच्या तपासणीला, मग रिपोर्टच्या वाटेला. प्रत्येक फेरीला प्रवासखर्च, बुडालेला रोज आणि घरी मुलांना कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न. त्यात शेजारीण सांगते, सुई लावली की कर्करोग पसरतो. सुईने तो पसरत नाही, पण उशिरा आलेल्यांत तो आधीच पसरलेला असतो आणि नाव सुईचं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली या आजारासाठी जो उपक्रम सुरू केला, त्यात पहिल्या भेटीपासून ६० दिवसांत निदान हे एक उद्दिष्ट आहे. यंत्रखरेदीच्या घोषणांपेक्षा मला ते महत्त्वाचं वाटतं.

कारण मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाचा एक्स-रे काढण्याचं, यंत्र आणलं तरी फिल्म वाचणारा हवा, पुढची बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, हवी. शिवाय या देशांत रुग्ण तुलनेने तरुण आणि तरुण स्तन घट्ट, त्यामुळे गाठ फिल्मवर लपते. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाख स्त्रियांवर २० वर्षं अभ्यास केला. निम्म्या जणींना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासलं. गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या. पन्नाशीपुढच्या गटात मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले, पन्नाशीच्या आतल्यांत मात्र तसा फायदा दिसला नाही. स्वतः तपासण्याचं काय? शांघायच्या कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात ते शिकवून मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून तपासणीचं वेळापत्रक पाठ करून घेण्यापेक्षा मी एवढंच सांगते: नवी गाठ पुढची पाळी येऊन गेल्यावरही तशीच असेल, तर न दुखताही दाखवा. पाळी गेलेल्या बाईने तर तेवढीही वाट बघू नये.

शेवटी उपचारातली एक अगदी क्षुल्लक वाटणारी गोष्ट. अनेक गाठी इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसल्या जातात. अशा रुग्णाला टॅमॉक्सिफेनची रोज एक स्वस्त गोळी निदान पाच वर्षं दिली, तर आजार उलटण्याचा धोका बराच घटतो. पण गाठ त्या जातीची आहे का, हे काढलेल्या तुकड्यावरच कळतं, आणि तो तुकडा तासाभराच्या आत पुरेशा फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रवात, पडायला हवा. छोट्या शस्त्रक्रियागृहातून तो कधी सलाइनमध्ये, कधी तोंडापर्यंत कोंबलेल्या बरणीत निघतो आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत सडू लागतो. मग चाचणी ‘नाही’ म्हणते. शस्त्रक्रिया चांगली झालेली असते, गोळी दुकानात असते, आणि बाईच्या कागदावर त्या गोळीचं नावच येत नाही.