आवाजाचं वाद्य कुठे होतं : अकाई एस१०००चे प्रोग्रॅम

[दृश्य : रॅकमधला फिकट करडा सॅम्पलर. स्विच दाबला जातो, पडदा उजळतो.]

१९८८ साली जपानच्या अकाई कंपनीने एस१००० हा सॅम्पलर, म्हणजे आवाज रेकॉर्ड करून तो कीबोर्डवरून वाजवू देणारं यंत्र, बाजारात आणला. १६ बिट, स्टीरिओ, सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे थेट सीडीच्या तोडीचा आवाज. अकाईच्या या सॅम्पलरांच्या रचनेमागे होते ब्रिटिश अभियंते डेव्हिड कॉकरेल. त्याआधी लंडनच्या ईएमएस कंपनीचे सिंथेसायझर त्यांनी घडवले होते.

एस१०००चं नाव निघालं की बहुतेकांना त्याचा आवाज आठवतो. आमच्या मते त्याची खरी करामत त्याच्या प्रोग्रॅममध्ये आहे, म्हणजे कोणती पट्टी दाबली की काय आणि कसं वाजायचं याच्या सूचनांमध्ये. रेकॉर्ड केलेला आवाज, म्हणजे सॅम्पल, हा नुसता कच्चा माल. तो बोटाखाली वाद्यासारखा वागायला लागतो, तो प्रोग्रॅममुळे.

[दृश्य : पडद्यावर ‘टेस्ट प्रोग्रॅम’ हे नाव.]

मशीन सुरू केलं की आत असतो फक्त हा टेस्ट प्रोग्रॅम आणि काही साधे तरंग. बाकी मेमरी रिकामी. नवा प्रोग्रॅम करायचा तर यालाच नवं नाव द्यायचं आणि कॉपी करायची. नाव जास्तीत जास्त १२ अक्षरांचं.

आता पियानोचा एक स्वर घेऊ, मधला सा. तोच एक स्वर अख्ख्या कीबोर्डवर पसरला तर काय होईल?

[आवाज : एकच सॅम्पल, एक सप्तक वर. मग एक सप्तक खाली.]

एक सप्तक वर गेलं की सॅम्पल दुप्पट वेगाने वाजतं आणि अर्ध्या वेळात संपतं. हातोडीचा ठोका खेळण्यातल्या पियानोसारखा टिचकीएवढा होतो. खाली आलं की तोच ठोका लांबतो, जडावतो. म्हणून पियानोचे बरेच स्वर वेगवेगळे रेकॉर्ड करायचे आणि प्रत्येकाला तीन-चार पट्ट्यांचाच इलाका द्यायचा. या इलाक्याला अकाईच्या भाषेत कीग्रुप म्हणतात. प्रत्येक कीग्रुपमध्ये जोरानुसार चार थर मावतात. हलक्या हाताने वाजवलं तर हळू वाजवून घेतलेलं सॅम्पल, ठोकून वाजवलं तर जोरातलं. कीग्रुपला आवाजाची धार कमी-जास्त करणारा स्वतःचा फिल्टर, आवाज उमटण्या-विरण्याचा स्वतःचा चढ-उतार.

खरी मेहनत असते दोन कीग्रुपच्या सीमेवर. एक पट्टी जुन्या सॅम्पलची, शेजारची नव्या सॅम्पलची. दोघींच्या रंगात जरा फरक राहिला की साधी सरगम वाजवतानाही कानाला खटकतं. मग पुन्हा पडद्याकडे : या कीग्रुपचा आवाज एक-दोन अंकांनी उतरव, त्याचा फिल्टर थोडा मिट, पुन्हा वाजव. पडदा तळहाताएवढा, त्यावर एका वेळी एकच पान. माऊस नाही. निर्णय कानानेच घ्यावा लागतो, आणि म्हणूनच या मशीनवर कान तयार झालेली माणसं आजही वेगळी ओळखू येतात.

आता एक गोष्ट, जी या मशीनवर काम करताना सतत डोक्यात ठेवावी लागते. प्रोग्रॅममध्ये आवाज नसतोच. असतात त्या सूचना, आणि सॅम्पलचं नाव.

[दृश्य : कीग्रुपच्या पानावर सॅम्पलचं नाव. जवळून.]

प्रोग्रॅम सॅम्पलला ओळखतो तो फक्त नावाने. याचा फायदा असा की एकाच सॅम्पलवर दहा प्रोग्रॅम उभे करा, मेमरी जवळपास तेवढीच लागते. धोकाही तिथेच आहे. सॅम्पलचं नाव बदललंत आणि कीग्रुपमधलं तसंच ठेवलंत, तर पट्टी मुकी. दोन वेगळ्या सॅम्पलांना एकच नाव पडलं, तर एक दुसऱ्याच्या जागी येऊन बसणार. म्हणून जाणकार लोक नावातच सगळं सांगतात : वाद्य, स्वर, हलकं की जोरातलं. बारा अक्षरांत हे बसवणं हे शिकण्यासारखं कसब आहे.

प्रोग्रॅमच्या नंबरांचंही असंच. पियानो आणि तंतुवाद्यं अशा दोन प्रोग्रॅमना एकच नंबर दिला की दोन्ही एकदम वाजायला तयार. दोघांचा मिडी चॅनल, म्हणजे कीबोर्डकडून सूचना येण्याची वाट, एकच ठेवला तर पियानोवर तंतुवाद्यांची साय चढते. चॅनल वेगळे ठेवले तर एकाच डब्यातून बास, ड्रम आणि पियानो स्वतंत्र वाजतात. अर्थात, एका वेळी एकूण १६ आवाजांच्या मर्यादेत.

[आवाज : तंबोरा. त्यावर हार्मोनियमच्या सॅम्पलवर यमन.]

आपल्या संगीताच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं पान बरेच जण उघडतच नाहीत. प्रोग्रॅममध्ये बाराही स्वर स्वतंत्रपणे थोडे चढवता-उतरवता येतात. कीबोर्डचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). तो तेवढा उतरवा आणि तंबोरा लावून ऐका. सा बदलला की हे आकडे पुन्हा मांडावे लागतात, म्हणून प्रत्येक सा-साठी वेगळा प्रोग्रॅम. सॅम्पल मात्र तीच.

हे सगळं ठेवायचं कुठे? मूळ मशीनमध्ये २ एमबी मेमरी, म्हणजे पूर्ण दर्जाचा मोनो आवाज चोवीसेक सेकंद. जादा बोर्ड बसवून ती ३२ एमबीपर्यंत नेता येत असे. फ्लॉपीवर मावतात सुमारे १.६ एमबी. आठ एमबीचा पियानो म्हणजे पाच-सहा फ्लॉप्या, एकामागून एक भरायच्या. आणि वीज गेली की मेमरी कोरी. प्रोग्रॅम आठवणीने सेव्ह केला आणि सॅम्पल राहून गेली, तर दुसऱ्या दिवशी हाती उरते नुसती नावांची यादी.

[दृश्य : फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसवलेला यूएसबी एम्युलेटर.]

आज या मशीनमध्ये अनेक जण फ्लॉपीऐवजी असा एम्युलेटर, म्हणजे मशीनला फ्लॉपी ड्राइव्हच वाटणारा भाग, बसवतात आणि एका पेनड्राइव्हवर ढीगभर डिस्का ठेवतात. अकाईच्या फॉरमॅटमधल्या सॅम्पलांच्या सीडी पुढे इतर कंपन्यांचे सॅम्पलरही वाचू लागले. आणि एमपीसी या अकाईच्या आजच्या संगीतयंत्रावर नवा प्रोग्रॅम घ्यायला गेलात, तर प्रकारांच्या यादीत कीग्रुप हे नाव अजूनही आहे.