रेझिस्टिव्ह टचस्क्रीन: बोट उचलतानाचा घोटाळा

कारखान्यात हातमोजे घालूनही चालवता येणारा मशीनचा पडदा बहुधा रेझिस्टिव्ह असतो. वर लवचीक प्लास्टिकची फिल्म, खाली काच. दोन्हींच्या आतल्या बाजूला इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर, ज्यातून वीज वाहते. मधले बारीक ठिपके हे थर एकमेकांपासून दूर ठेवतात. बोट दाबलं की फिल्म वाकते आणि तेवढ्याच जागी थर टेकतात.

जागा शोधणं सोपं आहे. कंट्रोलर, म्हणजे पडदा वाचणारी चिप, एका थराच्या दोन टोकांना ३.३ व्होल्ट देतो आणि दुसऱ्या थरावरून व्होल्टेज वाचतो. १.१ व्होल्ट मिळाले, म्हणजे बोट एक-तृतीयांश अंतरावर. मग थरांची अदलाबदल करून उभी जागा. एक्सपीटी २०४६ सारखी चिप हे वाचन ० ते ४०९५ अशा आकड्यात देते.

खरी गंमत दाबाची. जोरात दाबलं की टेकलेली जागा रुंदावते आणि दोन थरांमधला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, घटतो. तो मोजायला कंट्रोलर एका थराचं एक टोक पुरवठ्याला आणि दुसऱ्या थराचं एक टोक ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडतो, आणि उरलेल्या दोन टोकांवर झेड १ आणि झेड २ वाचतो. समजा थराचा रोध ४०० ओहम आहे आणि बोट बरोबर मध्यावर. झेड १ आला १३६५ आणि झेड २ आला २७३०, तर स्पर्शाचा रोध २०० ओहम. हा ठाम दाब. हलक्या स्पर्शाला तोच १००० ओहमपर्यंत जातो.

बरेच जण हा आकडा वापरतच नाहीत, आणि तिथेच जेश्चर, म्हणजे टॅप किंवा स्वाइपसारखी बोटाची खूण, बिघडतं. बोट उचलताना टेकलेली जागा आक्रसत जाते, संपर्क सुटतो आणि त्या क्षणाचं वाचन कुठेही भरकटतं. नीट चाललेला स्वाइप शेवटच्या क्षणी कोपऱ्यात उडी मारतो. साधा टॅपही स्वाइप ठरतो.

उपाय असा: आधी दाब वाचा, मग जागा, मग पुन्हा दाब. दोन्ही वेळा रोध मर्यादेत असेल तरच ती जागा धरा. जागेची पाच वाचनं घेऊन, लहानमोठ्या क्रमानं लावून मधलं ठेवा. सरासरी नको, एक वेडंवाकडं वाचनही तिला ओढून नेतं. मर्यादाही दोन हव्यात: स्पर्श सुरू झाला असं ६०० ओहमखाली माना, संपला असं १००० च्या वर गेल्यावरच. एकच मर्यादा ठेवली तर हलत्या बोटाचा एक स्वाइप तीन तुकड्यांत मोडतो. हे आकडे प्रत्येक पॅनेलवर तपासून ठरवावे लागतात.

थर बदलल्यावर थोडं थांबायलाही हवं. तारेवर १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर असेल, तर ४०० ओहमसोबत व्होल्टेज स्थिरावायला साधारण ३६ मायक्रोसेकंद लागतात. घाई केली की बिंदू आधीच्या वाचनाकडे ओढला जातो.

पुढचं काम सॉफ्टवेअरचं. बोट जेमतेम हललं आणि लवकर उचललं, तर टॅप. अर्धा सेकंद जागेवरच राहिलं, तर लाँग प्रेस. ठरवलेल्या अंतरापेक्षा जास्त सरकलं, तर स्वाइप.

चार तारांच्या साध्या पॅनेलला मात्र दोन बोटं वेगळी ओळखता येत नाहीत. त्याला दोघांच्या मधला एकच बिंदू दिसतो, तोही जास्त दाबलेल्या बोटाकडे झुकलेला. दुसरं बोट टेकताच बिंदू झटक्यात सरकतो आणि सॉफ्टवेअर त्याला स्वाइप समजतं. म्हणून लागोपाठच्या दोन वाचनांत बोटाला शक्यच नाही एवढं अंतर पडलं, तर ते जेश्चर तिथेच रद्द करावं आणि पडदा पूर्ण मोकळा होईपर्यंत नवं सुरू करू नये.