ठिणगीच्या उजेडात

(पडदा काळा. फक्त आवाज : डांबरावर लोखंड घासल्याचा.)

आधी आवाज येतो. गंजलेलं फाटक कुणी फरफटत नेतंय असा. मग किंकाळी, मग हशा, आणि मग पुन्हा तोच आवाज, या वेळी जवळून. दिसत काहीच नाही. धुकं आहे, धुक्यात एक निळा दिवा आहे, आणि दिव्याखाली चार-पाच माणसं एकमेकांची जॅकेटं धरून उभी आहेत.

तेवढ्यात रस्त्यावरून, जमिनीला घासत, ठिणग्या उडवत कुणीतरी येतं.

(दृश्य : ठिणग्यांची लांब पिवळी रेघ, तिच्या टोकाशी मुखवटा. चित्र थांबतं.)

हॅलोविनच्या, म्हणजे तिकडच्या भुताखेतांच्या सणाच्या दिवसांतला हा एक फोटो मिळायला मला तीन वर्षांचे तीन ऑक्टोबर लागले.

(दृश्य : दिवसाउजेडी तोच रस्ता. लाकडी दुकानं, घोडागाडी, आइस्क्रीम खाणारी मुलं.)

हे ब्युना पार्क नावाचं शहर. कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या आग्नेयेला. आपल्या लोकांना खूण सांगायची तर आर्टिशियाच्या पायोनियर बुलेवार्डवर, जिथे चितळ्यांची बाकरवडी शोधत आपण रविवारी फिरतो, तिथून गाडीनं जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. इथल्या करमणुकीच्या पार्कचं नाव नॉट्स बेरी फार्म, आणि नावातली बेरी खरोखरची आहे. वॉल्टर नॉट हा मूळचा शेतकरी. मरायला टेकलेली बॉयझनबेरीची रोपं त्यानं जगवली, वाढवली, विकली. १९३४ साली त्याची बायको कॉर्डिलिया हिनं घरातच चिकनची जेवणं सुरू केली. पहिल्या दिवशी जेमतेम आठ पानं उठली, तीही लग्नातल्या चिनी मातीच्या ताटांत. पुढे गर्दी इतकी वाढली की लोक तासन्‌तास ताटकळायला लागले. मग १९४० पासून नॉटनं बाजूलाच जुन्या पश्चिम अमेरिकेतलं एक गाव उभं करायला घेतलं. लोकांनी तेवढा वेळ हिंडावं, बघावं. त्याला नाव दिलं घोस्ट टाउन.

घोस्ट टाउन म्हणजे भुतांचं गाव नव्हे. खाणी संपल्या, माणसं गेली आणि घरं ओस पडली, अशा गावाला तिकडे तसं म्हणतात. पण एकदा नाव पडलं की भुतं काय, आज ना उद्या येणारच. ती आली १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये, हॅलोविनला. पहिल्या वर्षी फक्त तीन रात्री. आता सप्टेंबरमध्येच सुरुवात होते आणि ठरावीक रात्री अख्खं पार्क भुताटकीचं होतं.

(दृश्य : रात्र. धुक्याची यंत्रं, हिरव्या चेहऱ्याची चेटकीण, लाल दिवे.)

नियम थोडे आहेत, पण कडक आहेत. प्रेक्षकांनी वेश करून, मुखवटा लावून यायचं नाही, म्हणजे भूत कोण आणि गिऱ्हाईक कोण यात घोळ होत नाही. भुतं अंगाला हात लावत नाहीत. आतल्या भुलभुलैयांत कॅमेरा बंद. फोटो काढायचे ते बाहेर, रस्त्यांवर, जिथे ही पात्रं मोकळी हिंडत असतात.

आणि फ्लॅश मारायचा नाही. नियम नसता तरी मी मारला नसता.

आंबोली घाटात धुक्यात गाडी चालवली असेल तर तुम्हाला हे ठाऊक आहे. घाबरून हेडलाइट अप्पर केला की समोर पांढरी भिंत. धुक्याच्या कणांवरून उजेड उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश हुबेहूब तेच करतो. इथलं धुकं ग्लायकॉल आणि पाणी तापवून केलेलं असतं, पण स्वभाव घाटातल्यासारखाच. त्याला समोरून उजेड चालत नाही, मागून लागतो. दिवा माणसाच्या पाठीशी असला की धुक्यात उजेडाचे पट्टे उमटतात, माणसाची काळी आकृती होते, आणि अर्धं काम आपोआप होतं.

दुसरं कारण जरा दुष्टपणाचं आहे. फ्लॅश पडला की दगडाचं थडगं थर्मोकोलचं होतं. प्लायवूडचे खिळे दिसतात. मानेपाशी रबराच्या मुखवट्याची कड दिसते. इतक्या लोकांनी महिनोन्‌महिने खपून रचलेलं खोटं, आणि ते तुम्ही एका क्षणात उघडं पाडता. शिवाय मुखवट्याच्या दोन छोट्या भोकांतून बघत पळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारणं म्हणजे त्याचा गुडघा फोडणं.

(दृश्य : पहिल्या वर्षीचे फोटो. सगळे धूसर, लाल, फाटलेले.)

पहिल्या ऑक्टोबरचं माझं काम हे असं. मी समजत होतो, महागडी लेन्स आहे, बाकी कॅमेरा बघून घेईल. कॅमेऱ्यानं काही बघितलं नाही. धुक्यात आणि अंधारात ऑटोफोकसला धरायला कडच सापडत नाही. तो पुढे-मागे चाचपडत राहतो, तोवर भूत पुढच्या माणसाकडे गेलेलं असतं. मदतीला म्हणून कॅमेऱ्याचा छोटा दिवा आपणहून पेटतो, आणि वीस फुटांवरच्या सगळ्यांना कळतं की इथे कॅमेरावाला बसलाय. तो दिवा बंद करा. फोकस हातानं लावून ठेवा. मी तीन मीटरवर लावतो. पस्तीस मिलिमीटरच्या लेन्सचं भोक, म्हणजे अ‍ॅपर्चर, एफ १.४ इतकं मोठं उघडलं की तिथे जेमतेम दोन फुटांची जागा स्पष्ट मिळते, एफ २.८ इतकं बारीक केलं की चार फूट. ती चार फुटांची गल्ली नजरेनं आखायची आणि भूत तिच्यात यायची वाट बघायची. गळ टाकून बसण्यासारखंच आहे हे.

लाल दिव्यानंही मला फसवलं. डोळ्याला तो प्रकाश भरपूर वाटतो. पण कॅमेऱ्याच्या सेन्सरवर चारातला एकच ठिपका लाल रंगाचा असतो. नुसत्या लाल उजेडात तो एकटा राबतो, बाकीचे तीन जवळजवळ रिकामे. चेहऱ्याचा नुसता लाल लगदा होतो. त्यामुळे लाल दिव्याखालचं भूत मी आता सोडून देतो. निळा-पांढरा दिवा असलेल्या कोपऱ्यावर जाऊन बसतो.

आणि एक अगदी घरगुती चूक. माझा हात भारतात बसलेला. रात्रीच्या जत्रेत, दिव्यांच्या माळांखाली, शटर पन्नासावर किंवा शंभरावर, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग उघडं. कारण आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. अमेरिकेत साठ. तिथे पन्नासावर फोटो काढत सुटलात की कधी उजेड कमी, कधी जास्त, कधी आडवे काळे पट्टे. साठ किंवा एकशेपंचवीसवर आणलं की पट्टे पुष्कळ कमी होतात. सगळे नाही, कारण प्रत्येक एलईडीची तऱ्हा वेगळी. पण हे मला घरी येऊन, चारशे फोटो कचऱ्यात टाकताना समजलं.

(दृश्य : दुसऱ्या वर्षीचे फोटो. स्पष्ट, सुबक. प्रत्येक भूत कॅमेऱ्याकडे बघत पंजे उगारून उभं.)

दुसऱ्या ऑक्टोबरचे फोटो बघा. तांत्रिकदृष्ट्या नाव ठेवायला जागा नाही, आणि एकही कामाचा नाही.

का, ते कळायला वेळ लागला. ही पात्रं करणारी माणसं हुशार असतात. समोरचा कितपत घाबरलाय हे त्यांना चालीवरून कळतं. हातात कॅमेरा असलेला माणूस घाबरत नसतो, तो काम करत असतो. म्हणून ती त्याला घाबरवत नाहीत, त्याच्यासाठी उभी राहतात. मान तिरकी, पंजे वर, दोन सेकंद स्थिर. सौजन्यच ते. पण तो फोटो लग्नाच्या हॉलमधल्या स्टेजवरचाच झाला, फक्त नवरदेवाला सुळे आहेत.

माझ्या बाजूनंही तीच गोष्ट. कॅमेरा डोळ्याला लावला की मला भीती वाटेनाशी होते. समोर कवटी आली तरी डोक्यात शटर आणि आयएसओ, सेन्सरच्या संवेदनशीलतेचा तो आकडा.

(दृश्य : कोकणातला शिमगा. काळा झगा, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी. घुंगरांचा आवाज.)

मी गुहागरकडचा. आमच्याकडे शिमग्यात संकासुर येतो. काळा पायघोळ झगा, डोक्यावर उंच काळी टोपी, कमरेला घुंगरं. घुंगरं वाजली की आम्ही पोरं माजघरात, धान्याच्या कणगीमागे. आत कोण आहे हे पक्कं ठाऊक असायचं, शेजारच्या वाडीतला ओळखीचा काका. तरीही पळायचोच. मोठेपणी एका शिमग्याला मी संकासुराचे फोटो काढले. छान आले. पण त्या फोटोंत संकासुर होता, कणगी नव्हती. मला घाबरवणारी गोष्ट घुंगरू नव्हतं, कणगीमागचा अंधार होता, आणि तिथे शेजारी बसलेल्या चुलत भावाचा श्वास होता.

हे लक्षात आल्यावर मी कॅमेरा भुताकडून माणसांकडे वळवला.

(दृश्य : घाबरलेले चेहरे, एकामागून एक.)

ही कल्पना माझी नाही. कॅनडातल्या नायगारा फॉल्स गावात नाइटमेअर्स फिअर फॅक्टरी नावाचं एक भूतघर आहे. त्यांनी आत एका ठरावीक जागी कॅमेरा दडवलाय. नेमका दचकण्याच्या क्षणी तो फोटो घेतो. २०११ मध्ये हे फोटो इंटरनेटवर जगभर फिरले. दांडगे पहिलवान मैत्रिणीच्या पाठीमागे दडलेत, चौघे मित्र एकाच टी-शर्टात शिरायला बघतायत. ते कशाला घाबरलेत, हे फोटोत कधीच दिसत नाही. म्हणून तर बघत राहावंसं वाटतं.

घाबरलेल्या माणसाचा चेहरा अर्धा सेकंद टिकतो. त्यानंतर तो हसतो, आणि हसू आलं की क्षण गेला. मी ती चार फुटांची गल्ली आखून बसतो, कान उघडे ठेवतो. किंकाळीच्या जरा आधी लोक श्वास आत ओढतात. तो ऐकू आला की बोट दाबायचं. आणि ऐकायला मजा येते, कारण ओरडताना प्रत्येक जण आपल्या घरी जातो. इंग्रजीत गप्पा मारत आलेला घोळका स्पॅनिशमध्ये ओरडतो, कोरियनमध्ये ओरडतो. एकदा माझ्या मागून खणखणीत ‘अगं आई गं!’ आलं. वळून बघितलं तर तोवर त्या बाई नवऱ्याच्या नावानं शंख करत होत्या, तू मला इथे आणलंसच का म्हणून.

आता यात एक काटा आहे. अनोळखी माणसाचा सगळ्यात हतबल चेहरा मी खिशात घालून नेतोय. फिलाडेल्फियात ईस्टर्न स्टेट नावाचा जुना तुरुंग आहे, १८२९ साली सुरू झालेला, १९७१ मध्ये बंद पडलेला. तिथल्या हॅलोविनच्या खेळात, भुतांनी हात लावलेला ज्यांना चालेल त्यांना गळ्यात घालायला चमकणारी माळ द्यायचे. फोटोसाठीही अशी एखादी माळ असती तर मला झोप बरी लागली असती. नाही, म्हणून मी पुढे जाऊन पडद्यावर फोटो दाखवतो. नको म्हणाले की त्यांच्यासमोर पुसतो. रडणाऱ्या मुलांचे काढतच नाही. तेरा वर्षांखालच्या मुलांना आणू नका असं पार्कच सांगतं, तरी लोक आणतात.

(दृश्य : हातमोज्याच्या बोटांवर धातू. गुडघ्याला पॅड, त्यावर झिजलेली पट्टी.)

आणि आता ते, ज्याच्यासाठी तिसरा ऑक्टोबर. यांना स्लायडर म्हणतात. गुडघ्यांच्या पॅडना आणि हातमोज्यांना धातू लावलेला. धावत यायचं, गुडघ्यांवर पडायचं आणि डांबरावरून घसरत थेट माणसाच्या पायाशी. ही कला याच घोस्ट टाउनच्या रस्त्यांवर जन्माला आली असं या धंद्यातले लोक मानतात, आणि आता अनेक ठिकाणी पसरली आहे. धातूचे बारीक कण तापून निघतात, हवेत जळतात, त्या या ठिणग्या.

स्लायडर आपला उजेड स्वतः घेऊन येतो. अख्ख्या रस्त्यावर तेवढा एकच दिवा, जो भुताच्या बाजूनं आहे.

इथे मला दिवाळीतलं भुईचक्र कामी आलं. पळत्या ठिणगीचा तेजस्वीपणा शटरवर ठरत नाही, अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर ठरतो. शटर ठरवतं ती फक्त रेघेची लांबी. अडीचशेवर ठिणग्या मुरमुऱ्यांसारख्या तुटक दिसतात. पंधरावर त्यांची रेघ होते. मी पंधरा ठेवलं, एफ २.८, जमिनीवर कोपर टेकले आणि आवाजाबरोबर कॅमेरा फिरवत गेलो. त्या आठवड्यात सांता आना वारे सुटले होते, वाळवंटाकडून येणारे कोरडे वारे. यंत्रं धूर ओकत होती आणि वारा तो पळवत होता. नऊ वाजता नाही, दहाला नाही. अकराच्या पुढे वारा पाच मिनिटं पडला, धुकं बसलं, आणि डावीकडून फाटक फरफटल्याचा आवाज आला.

(दृश्य : सुरुवातीचा फोटो, या वेळी पूर्ण. ठिणग्यांच्या रेघेपलीकडे, उजेडात उजळलेले चार चेहरे, तोंडं उघडी.)

चेहरे उजळले आहेत ते ठिणग्यांनीच.

(दृश्य : बंद व्हायची वेळ. विरळ गर्दी.)

मी खूश होतो. पुण्याहून आलेला मावसभाऊ बरोबर होता. संध्याकाळभर तो म्हणत होता, “मी काय कुक्कुलं बाळ आहे का रे घाबरायला?” फाटकाकडे चाललो होतो, कॅमेरा हातात लोंबकळत होता, डोळ्याला नव्हता. मी त्याला फोटो किती कठीण होता ते सांगत होतो.

आवाज मागून आला.

(दृश्य : शेवटचा फोटो. तिरका. डांबर, एक बूट, हवेत उडालेली चप्पल, कोपऱ्यात दोन ठिणग्या.)

बोट कधी दाबलं गेलं, माहीत नाही. बूट माझा, चप्पल मावसभावाची. स्लायडर फोटोत नाहीच.

घरच्या ग्रुपवर मी दोन्ही फोटो टाकले. ठिणग्यांच्या फोटोला सात अंगठे आले. दुसऱ्यावर आईचा लगेच फोन.

“कुठे आपटलास रे?”