आधी 200 वजा करा, मग रेसला उतरा

बसा बसा, मागं पण जागा आहे. तर विषय पोहण्याचा पेस, म्हणजे दर शंभर मीटरला किती वेळ घ्यायचा. आपल्याकडं निम्मी माणसं पोहायला शिकली ती पाठीला डबा बांधून विहिरीत, नाहीतर पंचगंगेत, तिथं पेस-बिस काय नसतो, पलीकडं आधी कोण पोचतंय एवढंच. मी पण त्यातलाच. त्यामुळं पहिल्या ट्रायथलॉनला, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशा सलग रेसला, भोंगा वाजला आणि मी जे हात मारत सुटलो, पहिल्या दोनशे मीटरला निम्म्या लोकांच्या पुढं, आणि चारशेला उताणा पडून आभाळ बघतोय. कयाकवाला येऊन विचारून गेला, काका बरं वाटतंय ना?

आपला वीरधवल खाडे, कोल्हापूरचा, 2010 च्या एशियाडला 50 मीटर बटरफ्लायचं ब्राँझ घेऊन आला, अभिमान आहेच, पण ती रेस अर्ध्या मिनिटाच्या आत संपते राव, आपल्याला हाफ आयर्नमॅनला 1900 मीटर काढायचेत, आणि पुढं 90 किलोमीटर सायकल आणि 21 किलोमीटर पळणं बाकी.

मग आपला पेस काढायचा कसा? टँकात नीट वॉर्मअप करा, 400 मीटर जोर लावून पोहा, टाइम घ्या. दम खाऊन परत 200, तसंच जोर लावून. सूर मारायचा नाही, भिंतीला ढकलून सुटायचं. समजा 400 ला 8 मिनिटं 40 सेकंद लागले आणि 200 ला 4:10. वजाबाकी 4:30, त्याचं निम्मं 2:15. हा तुमचा 100 मीटरचा पेस, क्रिटिकल स्विम स्पीड म्हणतात त्याला.

वजाबाकी कशाला, असं सगळेच विचारतात. अहो, दोन्ही वेळा सुरुवातीच्या झपाट्यात अंगातली शिल्लक साधारण तेवढीच उडते, ती वजा झाली की उरतो तो लांबपर्यंत धरता येणारा वेग. गंमत इथंच आहे बघा. 200 आळसानं पोहलात, समजा 4:18 लागले, तर उत्तर 2:11 येतं, म्हणजे कमी कष्ट करून तुम्ही कागदावर जास्त फास्ट! मग महिनाभर त्या खोट्या आकड्यामागं धावायचं आणि कोचला शिव्या द्यायच्या. 200 ला कंजूषपणा करू नका.

प्रॅक्टिसला 100 मीटर दहा वेळा, मधे 15 सेकंद थांबायचं, पहिला आणि दहावा एकाच टायमात आला पाहिजे. पहिला 2:05 आणि दहावा 2:30 असला तर तो सेट बाद, मग सरासरी कितीही देखणी असू दे. आणि दर शंभरला घड्याळ बघायच्या आधी अंदाज सांगायचा, किती लागले असतील. ही सवय लई कामाची.

कारण तळ्यात किंवा समुद्रात भिंत नसते. 25 मीटरच्या टँकात दर वळणाला फुकटचा धक्का मिळतो, तो गेला. वर मान उचलून बोया, म्हणजे रस्ता दाखवणारा तरंगता फुगा, बघायचा, तेवढ्यात पाय खाली जातात. नाही बघितला तर नागमोडी जाऊन 1900 चे 2050 होतात. म्हणून मी 2:15 वाल्याला 2:22 धरायला सांगतो, 45 मिनिटांत बाहेर येतो तो. गोव्याला मिरामारला लाटा असल्या तर अजून थोडं सोडा. कटऑफची, म्हणजे ठरलेल्या वेळेत बाहेर न आल्यानं रेस बाद होण्याची, भीती असेल तर हिशोब ऐका: 1900 ला साधारण 1 तास 10 मिनिटं देतात, म्हणजे शंभराला 3:41. फुल आयर्नमॅनला 3800 ला 2 तास 20, तिथंही तेवढेच. मग पहिल्या बोयाला जायची एवढी घाई कशाला? त्यापेक्षा आपल्याहून थोडा फास्ट असलेला बघा आणि त्याच्या पायामागं लागा, पोहण्यात ते चालतं आणि ताकद वाचते.

काय म्हणालात? रंकाळा तळ्यात ही 400-200 ची टेस्ट घेऊ का? नको. अंतर कोण मोजणार तिथं? टेस्ट टँकातच.