साखरेसाठी हार्मोनतज्ज्ञ निवडताना

मंडळी, साखरेच्या प्रत्येक रुग्णाला एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनतज्ज्ञ, लागत नाही. चाळिशीनंतर निघालेली, गोळ्यांवर आटोक्यात असलेली साखर तालुक्याचा एमडी मेडिसिन डॉक्टर नीट सांभाळतो. आपल्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत हार्मोनतज्ज्ञ मोजके आणि तेही बहुतेक मोठ्या शहरांतच. एसटीने अख्खा दिवस घालवून जायचं, तर कशासाठी जायचं हे आधी ठरलेलं बरं.

लहान मुलाची साखर निघाली तर लगेच जा. गरोदर बाईला आधीपासून साखर असेल तरी जा. अंगकाठी बारीक असून गोळ्यांना साखर दाद देत नसेल, साखर वारंवार 70 च्या खाली घसरत असेल, किंवा तीन औषधं नियमाने घेऊनही एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) हलत नसेल, तरीही. गळ्याला थायरॉईडची गाठ किंवा मुलाची उंची वर्षाला 4 सेंटिमीटरसुद्धा न वाढणं, हेही त्यांचंच काम. आणि एक आपल्याकडे फार दिसणारं: गुडघेदुखीवर कुणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या. त्यात स्टेरॉईड असलं की चेहरा गोल होतो, पोटावर जांभळे पट्टे उठतात, साखर चढते. अशी पुडी एकदम बंद करू नका, शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड, म्हणजे कॉर्टिसॉल, झोपलेलं असतं. कमी कसं करायचं ते डॉक्टर ठरवतील.

पाटीकडे नीट पाहा. एमडी मेडिसिन किंवा बालरोग झाल्यावर आणखी 3 वर्षं शिकून डीएम एंडोक्रायनॉलॉजी मिळते. त्याच तोडीची डीआरएनबी, पूर्वी तिला डीएनबी म्हणत. ‘डायबेटॉलॉजिस्ट’ या पाटीमागे मात्र एमडी असू शकतो, छोटा कोर्सही असू शकतो. साध्या साखरेला चालेल. पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोनच्या ग्रंथीच्या) आजाराला नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असायलाच हवा.

पहिल्या भेटीला जुने रिपोर्ट, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि ग्लुकोमीटर न्या. निदान तीन दिवसांचे आकडे लिहून न्या: उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना. डॉक्टरने बूट-मोजे काढायला सांगितलं का, हे बघा. 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून ‘लागतंय का?’ असं विचारणं, 128 हर्ट्झचा थरथरणारा काटा (ट्यूनिंग फोर्क) अंगठ्याच्या हाडावर ठेवणं, याला पाच मिनिटंही लागत नाहीत. इन्सुलिनवाल्याच्या पोटावर हात फिरवून गाठी चाचपल्या पाहिजेत. रोज एकाच जागी सुई टोचली की तिथे चरबीची गाठ होते आणि तिथलं इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. मग रुग्ण म्हणतो, औषध लागू पडत नाही. शिवाय वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा, आणि मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन व लघवीतलं अल्ब्युमिन.

एचबीएवनसीवर डोळे झाकून विश्वास ठेवणारा डॉक्टर अर्धाच कामाचा. लोह कमी असलेल्या बाईचा आकडा खोटाच वर दिसू शकतो. सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असला किंवा नुकतं रक्त चढवलं असलं तर आकडा फसवा येतो. हिमोग्लोबिन न विचारता डोस वाढवला, तर दुसरं मत घ्या.

इन्सुलिन लिहून देताना सिरिंज कोणती, हे डॉक्टरने दाखवलंच पाहिजे. साधी बाटली बहुधा एका मिलिलिटरला 40 युनिटची, तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनचं कार्ट्रिज एका मिलिलिटरला 100 युनिटचं. पेन मोडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने 20 च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात 50 युनिट जातात. चिठ्ठीवर ‘20’ एवढंच असेल, तर बाटली की पेन, हे तिथल्या तिथे लिहून घ्या.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी ते आधीच सांगावं. फडावर फ्रीज नसतो. दोन मडकी एकात एक, मधे ओली वाळू, आत पिशवीत बांधलेली बाटली: एवढ्याने वापरातलं इन्सुलिन बहुधा चार आठवडे निभतं. बर्फात मात्र ठेवू नका, एकदा गोठलं की फेकायचं. तुमची जेवणाची वेळ फडावर सरकते हे ऐकून डोस बदलणारा डॉक्टर मोठ्या पाटीपेक्षा उजवा.

शहरातला डॉक्टर दर पंधरा दिवसांनी गाठता येत नाही. म्हणून गावच्या डॉक्टरसाठी त्याच्याकडून लेखी कागद घ्या: उपाशी साखर तीन दिवस सलग इतक्याच्या वर राहिली तर रात्रीचं इन्सुलिन 2 युनिट वाढवा, 70 च्या खाली गेली तर इतकं कमी करा. आकडे प्रत्येकाचे वेगळे, पण कागद हवाच. असा कागद द्यायला कुरकुर करणारा तज्ज्ञ आपल्या भागाच्या कामाचा नाही. थायरॉईडची गोळी असेल तर तीही कागदावर येऊ द्या: उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-एक तास आधी, लोह-कॅल्शियमपासून चार तास लांब, टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) 6 ते 8 आठवड्यांनी.

निघताना काउंटरवर विचारा, रात्री फोन कोण उचलतं. साखर घसरली की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, गाडी काढा.